कळलावीसमोर कॅमेरा, पायाशी कुत्रा

आषाढ निम्मा सरला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांच्या कुंपणांवर कळलावी फुलायला लागते. नागाव, चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, कुठल्याही गावाच्या आतल्या रस्त्याने जा, गडग्यावर किंवा करवंदीच्या जाळीत लाल-पिवळी फुलं दिसतात. त्याच गडग्याच्या कडेने गावातल्या शेळ्या दिवसभर चरत असतात. करवंदीची पालवी ओरबाडतात, गवत खुडतात, पण कळलावीला सहसा तोंड लावत नाहीत. आणि शनिवारी सकाळी मांडव्याला रो-रो बोटीतून गाडीत बसून उतरलेला, उत्तम खाऊन-पिऊन तृप्त असलेला मुंबईचा लॅब्रेडॉर मात्र भाड्याच्या बंगल्याच्या आवारात कळलावीचा कंद उकरून चघळत बसू शकतो.

हे असं का व्हावं? शेळीला जे कळतं ते कुत्र्याला का कळत नाही? आणि कळलावी इतकी विषारी असेल, तर दर पावसाळ्यात शेकडो हौशी माणसं मोबाइल नि कॅमेरे घेऊन तिच्यासमोर गुडघे टेकतात त्यांना काही होत नाही, ते कसं? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या झाडाच्या रचनेत आणि त्याचं विष काम कसं करतं त्यात आहेत. ती समजली, तर फुलाचा फोटो मनासारखा निघेल आणि पायाशी घुटमळणारा प्राणीही सुखरूप राहील.

उलटं फूल

कळलावीची ओळख आधी नीट करून घेऊ, कारण फोटोसाठीही ती लागते. ग्लोरिओसा सुपर्बा हे तिचं शास्त्रीय नाव लिनिअसने १७५३ मध्ये ग्रंथित केलं. आपल्याकडे तिला वाघनखी, खड्यानाग, अग्निशिखा असंही म्हणतात. पहिले पाऊस पडले की जमिनीतल्या कंदातून कोंब वर येतो, तीन-चार महिन्यांत वेल वाढते, फुलते, शेंगा धरते, आणि पाऊस संपला की पिवळी पडून वाळून जाते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मागे उरतो तो फक्त जमिनीखालचा, दोन फाटे फुटलेला कंद. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याला ती जागा रिकामी वाटते.

या वेलीला स्वतःच्या बळावर उभं राहता येत नाही. काकडी-दोडक्याच्या वेलीला पानांशेजारून वेगळे ताणे फुटतात. कळलावीचं तसं नाही. तिच्या पानाचंच टोक लांबत जाऊन वळतं आणि जे हाताशी लागेल त्याला घट्ट विळखा घालतं. म्हणून ती मोकळ्या मैदानात क्वचितच दिसते आणि कुंपणात हटकून दिसते.

आता फूल. कळीचा देठ वर येतो, पण कळी उमलताना मान खाली घालते. मग तिच्या सहा पाकळ्या मागे उलटतात आणि थेट आभाळाकडे टोकं करून उभ्या राहतात. पाकळ्यांच्या कडा नागमोडी. (शास्त्र त्यांना निव्वळ पाकळ्या म्हणत नाही, पण आपण सोयीसाठी म्हणू या.) सहा पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरतात. या सगळ्यांत बारकाईने पाहावी अशी गोष्ट म्हणजे मधली कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी. ती बुडाशीच जवळपास काटकोनात वळते आणि पुंकेसरांना टाळून एका बाजूला निघून जाते. फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर सहजासहजी पडू नयेत, याची ही सोय. फुलपाखरू किंवा शिंजीर मधासाठी भिरभिरतं, त्याच्या पंखांना, छातीला पराग लागतात आणि दुसऱ्या फुलापर्यंत पोचतात. तमिळनाडूत कळलावीची शेती होते. तिथे हे काम कीटकांवर न सोपवता शेतकरी पहाटे उठून हाताने पराग लावतात. ते कष्ट बियांसाठी असतात, आणि बिया का हव्यात हे पुढे येईलच. तमिळनाडूचं राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूलही हेच आहे.

फुलाचा रंगही एका जागी थांबत नाही. उमलताना हिरवट, मग पिवळा, मग टोकांकडून उतरत येणारा लाल, आणि शेवटी सगळंच गडद तांबडं. एकाच वेलीवर हे सगळे टप्पे एका वेळी दिसतात. एकाच फुलाचा फोटो काढून निघून जाणाऱ्याच्या हातून निम्मी कळलावी निसटते, असं मला वाटतं.

मांडव अर्धवट सोडणारं विष

कळलावीच्या सगळ्या भागांत विष आहे. सर्वांत जास्त कंदात आणि बियांत. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे कोल्चिसिन. पेलेतिए आणि काव्हेंतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या झाडातून ते वेगळं काढलं. त्याच वर्षी याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनाइनही मिळवलं. कोल्चिकम आणि कळलावी एकाच कुळातल्या.

हे द्रव्य औषधही आहे. युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून असह्य ठणका लागतो, त्या गाउटच्या दुखण्यावर डॉक्टर कोल्चिसिन देतात. तमिळनाडूतल्या बिया त्यासाठीच विकल्या जातात. पण गाउटच्या एका गोळीत ते असतं साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि औषधाची मात्रा नि विषाची मात्रा यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. कंदात हजारात एक भाग कोल्चिसिन धरलं, तरी एका ग्रॅमच्या तुकड्यात अशा दोन गोळ्या झाल्या. दहा किलो वजनाच्या कुत्र्याने बोटाएवढा कंद चावून खाल्ला, तर हिशोब कुठे जातो ते वाचकांनी स्वतःच मांडून पाहावं.

ते करतं काय? आपल्या, कुत्र्याच्या, मांजराच्या प्रत्येक पेशीत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण असतात. ते एकमेकांना जोडून बारीक नळ्या तयार होतात. गणपतीचा मांडव घालणारी माणसं बांबूला बांबू बांधत जातात आणि काम झालं की तेच बांबू सोडून दुसरीकडे नेतात, तशा पेशी या नळ्या सतत बांधतात नि सोडतात. पेशीची दोन पेशींत विभागणी होताना गुणसूत्रांच्या जोड्या दोन टोकांना ओढून न्यायच्या असतात, आणि ते काम याच नळ्या करतात. कोल्चिसिन ट्युब्युलिनच्या सुट्या कणाला जाऊन चिकटतं. असा कण नळीच्या टोकाला बसला की पुढचा कण त्याला नीट जोडला जात नाही. मांडव अर्धवट राहतो. गुणसूत्रं मधेच अडकून पडतात, विभागणी थांबते आणि पेशी मरते.

म्हणजे ज्या पेशी सर्वांत भराभर विभागतात त्यांना सर्वांत आधी फटका. शरीरात अशा जागा ठळक आहेत: आतड्याचं अस्तर, जे काही दिवसांत सगळं नवं होतं, हाडांमधला मगज, जिथे रक्तपेशी घडतात, आणि केसांची मुळं. कोल्चिसिनच्या विषबाधेत लक्षणांचा क्रमही म्हणूनच ठरल्यासारखा असतो. आधी उलट्या, पोटात कळा, जुलाब, पुढे त्यात रक्त, शरीर कोरडं पडणं. मग एक-दोन दिवसांत हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्यावर ताण. काही दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. यातून जो वाचतो त्याचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात.

या क्रमात एक धोका आहे, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण तोच. खाल्ल्याबरोबर काहीच होत नाही. विष शोषलं जायचं, पेशींच्या आत शिरायचं, जुन्या पेशी झडून नव्या त्यांच्या जागी आल्या नाहीत हे शरीराला जाणवायचं, याला वेळ लागतो. पहिली उलटी दोन तासांनी होईल, बारा तासांनीही होईल. तोवर कुत्रा शेपूट हलवत समुद्रावर धावतो. घरचे म्हणतात, काही झालं नाही, बरं झालं. उपचार सर्वांत उपयोगी पडतात ते नेमके याच तासांत, आणि तेच तास असे निघून जातात. शिवाय कोल्चिसिन उकळून नष्ट होत नाही आणि त्यावर सहज मिळणारा उतारा नाही. डॉक्टर शरीराला सांभाळून धरतात, एवढंच हाती असतं.

मग कळलावी स्वतःच्याच विषाने का मरत नाही? तिच्याही पेशी विभागतातच की. याचं उत्तर असं, की वनस्पतींच्या ट्युब्युलिनला कोल्चिसिन प्राण्यांच्या मानाने फारच कमी चिकटतं. तरीही भरपूर तीव्रतेचं द्रावण वापरलं तर वनस्पतीची विभागणीही थांबवता येते. १९३७ च्या सुमाराला अमेरिकेत ब्लेक्सली यांनी हे दाखवल्यावर शेतीसंशोधकांनी त्याचा मोठा उपयोग करून घेतला. गुणसूत्रं दुप्पट झाली पण पेशी दुभागलीच नाही, अशी रोपं त्यांनी मुद्दाम घडवली. बाजारात मिळणारं बिनबियांचं कलिंगड या वाटेने आलेलं आहे.

शेळी टाळते, कुत्रा खातो

जनावरं विष ओळखून जन्माला येत नाहीत. ती शिकतात. कोकरू-करडू आईच्या मागे फिरून ती काय खाते ते पाहतं, आणि नव्या पाल्याचा आधी एखादाच घास घेतं. त्यानंतर पोट बिघडलं तर त्या चवीची शिसारी कायमची बसते. १९५५ मध्ये जॉन गार्सिया या अमेरिकन संशोधकाने उंदरांवर हे दाखवून दिलं. गोड पाणी प्यायल्यावर उंदरांना किरणोत्साराने मळमळ झाली, तर पुढे त्यांनी गोड पाणीच टाकलं. मळमळ काही तासांनी झाली तरी शरीर नेमक्या चवीलाच जबाबदार धरतं, हे पुढच्या प्रयोगांतून कळलं. कळलावी कडू आहे, तिचा परिणाम उशिराने होतो, पण थोडं थोडं चाखत चरणाऱ्या प्राण्याला शिकायला एवढं पुरतं.

ही सवय निरुपयोगी ठरते ती चारा कापून आणल्यावर. कुंपणाकडेचं गवत कोयत्याने कापून भारा गोठ्यात टाकला, तर त्यातली कळलावीची वेल गाईला निवडून बाजूला करता येत नाही. भूक लागलेली असेल तर ती सगळंच खाते. म्हणून गवत कापताना वेल हाताने वेगळी काढावी. हातमोजा घालून.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो चरणारा प्राणी नाही. नाकाच्या मागे जाणारा आणि मिळेल ते गिळून टाकणारा आहे. आणि रायगडच्या किनाऱ्यावर त्याच्या नाकाला भुलवणारी एक खास गोष्ट मातीत असते, ती म्हणजे मासळीचं खत. नारळी-पोफळींना सुक्या मासळीची कुटी घालण्याची इथली जुनी रीत. हौशी बागेतल्या कुंड्यांत हाडांचा चुरा पडतो. कुत्रा उकरतो तो त्या वासासाठी, कळलावीसाठी नव्हे. पण उकरता उकरता दाताखाली येतो तो कंद. त्यातून पिल्लू असेल तर त्याला काहीही चावायला हवंच असतं.

मांजराची तऱ्हा निराळी. मांजरं लांबट पातं दिसलं की चावतात आणि हलणाऱ्या टोकावर झेप घेतात. कळलावीचं पान लांबट आहे आणि त्याचं टोक वाऱ्यावर हलतं. शिवाय अंगाला जे लागेल ते मांजर चाटून साफ करतं.

इथे आणखी एक गोंधळ निस्तरायला हवा. रोपवाटिकांत कळलावीचे कंद ग्लोरी लिली नावाने विकले जातात, आणि मांजर पाळणाऱ्यांनी लिलीबद्दल काहीबाही ऐकलेलं असतं. पुष्पगुच्छात येणारी मोठ्या, सुवासिक फुलांची खरी लिली मांजराच्या मूत्रपिंडांवर घाला घालते. अंगावर सांडलेले पराग चाटले तरी पुरतं, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्याला त्याच लिलीने सहसा एवढं होत नाही. कळलावीचं विष याहून वेगळं. ते कुत्रा, मांजर, गाय, माणूस कोणालाच सोडत नाही. घरात मिरवणारी पीस लिली तर या दोघींपैकी कोणीच नाही. ती अळूच्या कुळातली, आणि तिने तोंडाची आग होते.

कॅमेरा झाडापाशी न्या

बघण्याने, वास घेण्याने, फोटो काढण्याने कळलावी कोणालाही बाधत नाही. बाधते ती खाल्ल्याने. त्यामुळे फोटोच्या नादात धोका कधी तयार होतो हे शोधायचं, तर झाड किंवा त्याचा तुकडा जनावराच्या तोंडापर्यंत कधी पोचतो हे पाहायचं. वेल कापून आणून दिवाणखान्यात फुलदाणीत ठेवली, की पोचतो. कुंपणातला कंद उपटून गॅलरीतल्या कुंडीत लावला, की पोचतो. चौकटीत आडवी येणारी पानं, सुकी शेंग खुडून तिथेच जमिनीवर टाकली, की पोचतो. शेंग तडकली तर तिच्यातून शेंदरी-लाल गोल बिया सांडतात. आणि फुलाशेजारी कुत्र्याला बसवून ‘बस, बस, इकडे बघ’ सुरू केलं, की तर पोचतोच.

कॅमेरा झाडापाशी न्यावा, झाड कॅमेऱ्यापाशी आणू नये. याच किनाऱ्यावर याचं थोर उदाहरण आहे. १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली किहीमला येऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीपुढे महिनोन्‌महिने बसून राहिले. सुगरण नर एक घरटं अर्धवट विणून मादीला दाखवतो, तिला ते पसंत पडलं की पूर्ण करून पुढचं विणायला घेतो, हा शोध त्यांना त्या बसण्यातून लागला. पिंजऱ्यात आणलेल्या पाखराने त्यांना हे कधीच दाखवलं नसतं. कळलावीचंही तसंच. कुंपण, गडग्याचा ओला जांभा, वर उलटलेल्या पाकळ्या आणि पानाच्या टोकाचा विळखा, हे सगळं मिळून ती कळलावी आहे. कुंडीत काठी रोवून चढवलेली वेल फोटोत तशी दिसत नाही.

पण कुत्रा आणि कळलावी एकाच फोटोत हवीच असेल तर? मिळतात, आणि दोघांमध्ये भरपूर अंतर ठेवून मिळतात. त्याचं गणित सोपं आहे. एखादी वस्तू फोटोत किती मोठी दिसेल हे तिच्या खऱ्या आकाराला तिच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने भागलं की कळतं. फूल आठ सेंटिमीटर रुंद, कुत्र्याचं डोकं वीस सेंटिमीटर रुंद धरू. मोबाइल फुलाच्या एक फुटावर नेला आणि कुत्रा फुलामागे पाच मीटरवर असला, तर कुत्र्याचं डोकं फुलाच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढं दिसतं. मग माणूस काय करतो? कुत्र्याला पुढे बोलावतो. त्याऐवजी स्वतः मागे या. फुलापासून तीन मीटर मागे, म्हणजे कुत्रा आठ मीटरवर. आठ भागिले तीन म्हणजे सुमारे पावणेतीन, आणि वीस भागिले आठ म्हणजे अडीच. दोघं जवळपास सारखे दिसायला लागतात, आणि मधे पाच मीटर मोकळी जागा नि कुंपण तसंच राहतं! एवढ्या लांबून चौकट भरण्यासाठी दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लागते. १०० ते २०० मिलिमीटरची चालेल, नव्या मोबाइलमधली तिप्पट किंवा पाचपट झूमची दुसरी लेन्सही चालेल. मागचा कुत्रा थोडा धूसर येईल. ते मला तरी आवडतं, कारण नजर आधी फुलावर जाते. दोघंही स्पष्ट हवे असतील तर कॅमेरा तिकाटण्यावर पक्का करून एक फोटो फुलावर नेम धरून, दुसरा कुत्र्यावर नेम धरून काढावा आणि नंतर दोन्ही जोडावेत.

लांबून फोटो काढण्याचा दुसरा फायदा कळलावीलाच होतो. तिची फुलं खाली मान घालून असतात, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत नुसता लाल गुंता येतो. कॅमेरा फुलाच्या पातळीला किंवा जरा खालून धरला तर आडवे पुंकेसर आणि ती काटकोनात वळलेली दांडी साफ दिसते.

राहिला लाल रंग. पुष्कळांची तक्रार असते, की डोळ्यांना पाकळीवर इतक्या छटा दिसतात आणि फोटोत मात्र सपाट लाल डाग येतो. कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकारचे टिपणारे ठिपके असतात. उजेड किती घ्यायचा हे कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी पाहून ठरवतो, आणि भोवतीची पावसाळी हिरवळ गडद असल्याने तो उजेड वाढवतो. तेवढ्यात लाल ठिपके काठोकाठ भरून जातात. भरल्यावर त्यांना फिका लाल आणि गडद लाल यांतला फरक टिपता येत नाही. उपाय एवढाच, की उजेड आपल्या हाताने कमी करायचा, साधारण दोन तृतीयांश ते एक स्टॉप. मोबाइलवर फुलाला बोट लावून शेजारी उमटणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढलं की तेच होतं. दुपारच्या उन्हापेक्षा दोन सरींमधला ढगाळ उजेड या फुलाला मानवतो.

> आवारातली इतर झाडं
>
> बंगल्यात सामान उतरवण्याआधी एक फेरी मारून ही झाडं पाहून ठेवा.
>
> सायकस. हिरवळीवर शोभेला लावलेलं, माडाच्या पिल्लासारखं दिसणारं झाड. कुत्र्यासाठी मी याला कळलावीइतकंच धोक्याचं मानतो. बिया सर्वांत घातक. यकृत निकामी होतं.
>
> कण्हेर आणि पिवळी कण्हेर. हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं पान, फूल, बी सगळ्यांत. फांदी ठेवलेल्या फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी.
>
> गुंज. अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते. चावली गेली तर घात होतो.
>
> एरंड. बिया तर आहेतच, पण कुंडीत खत म्हणून घातलेली एरंडी पेंडही तपासा. हाडांच्या चुऱ्यात मिसळली की कुत्रा ती आवडीने खातो.
>
> डायफेनबाखिया. चावताच तोंडात सुयांसारखे स्फटिक रुततात. लाळ, सूज, आग. अळू खाजतं तेही अशाच स्फटिकांनी.

खाल्लं असेल तर

लक्षणांची वाट पाहू नका. तोंडात उरलेले तुकडे काढून टाका, किती वाजता आणि साधारण किती खाल्लं ते लिहून ठेवा आणि निघा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठानेच नवं संकट येतं. दूध, तूप, हळद यांचा इथे उपयोग नाही. सुरुवातीच्या वेळात पशुवैद्य सुरक्षितपणे उलटी काढू शकतात आणि विष धरून ठेवणारा औषधी कोळसा पाजू शकतात. कोल्चिसिन पित्तावाटे आतड्यात परत परत येतं, म्हणून तो कोळसा पुन्हा पुन्हाही द्यावा लागतो. मग सलाइन आणि काही दिवस रक्तावर नजर.

इथे तुमचा कॅमेरा औषधाइतका उपयोगी पडतो. चावलेल्या वेलीचा, पानाच्या वळलेल्या टोकाचा, फुलाचा, उकरलेल्या कंदाचा, असे वेगवेगळे स्पष्ट फोटो काढून आधीच डॉक्टरांना पाठवा. ‘काहीतरी लाल फुलाचं झाड खाल्लं’ एवढ्यावर त्यांना काही ठरवता येत नाही. कण्हेरीचे उपचार निराळे, कळलावीचे निराळे.

अंतराचाही विचार आधी करून ठेवायला हवा. कळलावी फुलते ते महिने आणि गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लहान लाँची बंद असतात ते महिने बरेचसे एकच. रो-रोही खवळलेल्या समुद्रात भरवशाची नाही. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत उभं आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून शिवडीमार्गे तिथे पोचणं सोपंही झालं आहे. तरी मुरूड-श्रीवर्धनहून निघालेल्याला पावसात कित्येक तास लागतात. म्हणून निघण्याआधीच अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन यांपैकी जवळच्या पशुवैद्यांचा नंबर फोनमध्ये असू द्या. गाई-म्हशी-शेळ्यांसाठी शासनाच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२ आहे.

आवारात कळलावी उगवली असेल तर घाबरून ती उपटू नका. उपटून रस्त्यावर फेकलेला कंद भटक्या कुत्र्याला किंवा मोकाट गाईला कुंपणातल्या कंदापेक्षा सहज सापडतो. वेलीच्या बुडाशी दोन फूट रुंद, जमिनीत थोडी पुरलेली तारेची जाळी बसवा, त्या जागी मासळीचं किंवा हाडांचं खत घालू नका, शेंगा पिकून तडकण्याआधी काढून घ्या. आणि फोटो काढायला जाल तेव्हा कुत्र्याची दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळून बसू नका. डोळा कॅमेऱ्याला लागला की दोरी सैल पडते. ती धरायला सोबत दुसरं माणूस न्या.